जुने पट आणि नवे वाद : एका खोलीच्या नोंदी

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ठरलं एकदाचं. जानेवारीत वाचनालयाचा वार्षिक दिवस असतो. दरवर्षी तेच : रांगोळ्या, फुलझाडांच्या कुंड्या आणि शेवटी आभारप्रदर्शन. यंदा मागची खोली आमच्या ताब्यात आहे. जुने बैठे खेळ मांडायचे, लोकांनी नुसते बघायचे नाहीत तर बसून खेळायचे, आणि भिंतीवर बुद्धिबळाची कोडी लावायची. इथं गोव्यात हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक नुकताच सुरू झालाय, २०६ खेळाडू आलेत, त्यामुळे फोंड्यात सध्या घोडा कुठल्या बाजूनं चालतो हे माहीत नसलेला माणूसही रेटिंगच्या गप्पा मारतो. समितीनं खोली दिली ती या हवेमुळे. आमच्या कीर्तीमुळे नव्हे.

मी धरून सहाजण. मास्तर (गणिताचे, निवृत्त), वकील, काकू, सुतारमामा आणि इंजिनियरिंगला असलेला पोरगा. नोंदी ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण पेन माझ्या खिशाला होतं.

खेळांची यादी करताना वकिलांनी गंजिफाचा हट्ट धरला. सावंतवाडी काय लांब आहे, म्हणाले. खरंय, पण दशावतारी गंजिफाची १२० पानं, दहा अवतारांची बारा-बारा. ती वाटून होईपर्यंत लोक चहाला निघून जातील. शिवाय ते पत्ते, पट नव्हेत. मत घेतलं, गंजिफा पडला. वकिलांनी विरोध नोंदवायला सांगितलाय, तो नोंदवला.

राहिलं ते असं : नवकंकरी, वाघ-शेळी, सारीपाट, चिंचोक्यांचा खळग्यांचा पट आणि देशी नियमांचं बुद्धिबळ.

रविवार, ९ नोव्हेंबर

पहिल्याच खेळावर गाडी अडली. नवकंकरी म्हणजे एकात एक तीन चौकोन, बाजूंच्या मध्यातून त्यांना जोडणाऱ्या चार रेघा, २४ जागा, दोघांना नऊ-नऊ सोंगट्या. तीन एका रेघेत जुळल्या की समोरच्याची एक उचलायची. इथपर्यंत सगळ्यांच्या माना डोलल्या. मग काकूंनी खडू घेतला आणि चारी कोपऱ्यांतून तिरक्या रेघा ओढल्या.

"हे काय?" वकील.

"पट."

"काकू, कोपऱ्यांना रेघा नसतात."

"तुमच्यात नसतील. आमच्या पेडण्याला असतात."

मास्तर लगेच मोजायला बसले. कोपरे जोडले नाहीत तर तीन जुळवायच्या रेघा १६, जोडले तर २०. "म्हणजे खेळच वेगळा झाला. मग सोंगट्यासुद्धा बारा हव्यात." काकू म्हणाल्या की बारा घ्या नाहीतर नऊ घ्या, मला काय फरक पडत नाही. आणि खरोखरच पडला नाही. वकिलांना त्यांनी दोन्ही पटांवर हरवलं. त्यांची चाल बघण्यासारखी आहे. शेजारच्या दोन रेघांत पाच सोंगट्या अशा बसवतात की त्यातली एकच पुढं सरकवली की इकडं तीन जुळतात आणि मागं घेतली की तिकडं. दर खेपेला समोरच्याची एक सोंगटी काकूंच्या ओंजळीत. चेहऱ्यावर मात्र वाटाणे सोलत असल्यासारखा निर्विकार भाव.

पोरग्यानं फोनवरून ज्ञान आणलं : राल्फ गासर नावाच्या माणसानं १९९३ साली झुरिकला संगणक लावून सिद्ध केलं की कोपरे न जोडलेल्या पटावर दोघं अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो.

"बरोबरीच होणार असेल तर खेळायचं कशाला?" वकील.

"तुम्ही आधी बरोबरी करून दाखवा," काकू.

तीनच सोंगट्या उरल्यावर वाटेल तिथं उडी मारता येते की नाही, हा वाद पुढच्या बैठकीवर ढकलला. वकिलांचं म्हणणं, येते. ते कायम तीनवरच असतात, त्यामुळे त्यांचा हितसंबंध उघड आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज नुसतं काम. वकिलांची कल्पना होती की नवकंकरी चिऱ्यावर, म्हणजे जांभ्याच्या दगडावर कोरायची, म्हणजे जुनं वाटेल. लेण्यांच्या फरशीवर असे पट कोरलेले असतात, मग आपल्याकडे का नको. चिरा आणला. सुतारमामांनी पटाशी लावली आणि रेघेची कड भुसभुशीत होऊन गळून पडली. दुसरी रेघ घेतली, मधलं भोक लागलं. "हें दगडाचें काम, माका कित्याक आपयला?" (मला कशाला बोलावलं?) एवढं बोलून मामा बिडी ओढायला बाहेर. शेवटी कोणाच्या तरी न्हाणीघरातून उरलेली शहाबादी फरशी आली आणि तिच्यावर रेघा छान उठल्या. चिरा आता दाराला टेकण म्हणून लावलाय.

खळग्यांचा पट मात्र मामांनी मनापासून केला. फणसाची जुनी फळी, पिवळी जर्द. दोन ओळींत सात-सात खळगे. हा खेळ आपल्याकडच्या लेण्या-गडांवर कोरलेला दिसतो, खाली मंगळूरकडं तुळुनाडात तो चेन्नेमणे म्हणून अजून घरोघरी आहे. मला वाटायचं खळगा म्हणजे खळगा. तसं नाही. मामांनी पहिला खोदला, त्यात चार चिंचोके टाकले आणि एका हाताची बोटं फिरवून उचलायला गेले. दोन हातात आले, दोन तळाशी फिरत राहिले. "खोल जालो." मग दुसरा उथळ केला. त्यात शेवटी बारा-तेरा चिंचोके साठले की ते शेजारच्या घरात घरंगळायला लागले. तिसरा जमला : कडा उभ्या नाहीत, बशीसारख्या उतरत्या, तळ गुळगुळीत. घासायला पॉलिश पेपर वापरला आणि शेवटचा हात नारळाच्या काथ्यानं. चार बोटं घातली की मूठ आपोआप भरते. हा पट खेळायला वेगच लागतो, चिंचोके पेरत जायचे असतात. खळगा अडला तर खेळ मेला. ही अक्कल कुठल्याही नियमांच्या पानावर नसते, ती मामांच्या बोटांत आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

भिंतीवर कुठली कोडी लावायची यावर आज बैठक. मास्तरांची यादी आली, पहिलंच कोडं नऊ चालींत मात. सगळ्यांनी एका सुरात नकार दिला. भज्यांची प्लेट हातात धरून उभ्यानं नऊ चाली कोण बघणार? माझं मत असं की भिंतीवरच्या कोड्यात सोंगट्या कमी हव्यात आणि चुकीचं उत्तर पटकन सुचायला हवं. माणूस "सोपंय" म्हणून पुढं आला पाहिजे. अडकेल मग तिथेच.

या कसोटीवर रिचर्ड रेती या बुद्धिबळपटूचं १९२१ चं कोडं पास झालं. पटावर चारच सोंगट्या. (घरांची नावं अशी : उभ्या पट्ट्या डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी खालून १ ते ८.) पांढरा राजा एच ८ वर, त्याचं प्यादं सी ६ वर. काळा राजा ए ६ वर, त्याचं प्यादं एच ५ वर. पांढऱ्यानं खेळून बरोबरी साधायची. बघणारा पहिल्यांदा हसतो. काळं प्यादं पुढं पळतंय, पांढरा राजा दोन घरं मागं, आणि आपलं प्यादं काळ्या राजाच्या तावडीत. वकिलांनी राजा सरळ खाली दामटवला, एच ७, एच ६. प्यादं निसटलं, वजीर झाला.

मास्तरांनी राजा तिरका नेला. जी ७. काळं प्यादं एच ४. राजा एफ ६. आता काळ्यानं प्यादं आणखी पुढं काढलं तर पांढरा राजा ई ७ वर जाऊन आपल्या प्याद्याला हात देतो आणि दोघांचे वजीर एकदमच होतात. काळा राजा बी ६ वर येऊन सी ६ च्या प्याद्याला भिडला तर पांढरा ई ५. इथं गंमत आहे. त्या एका घरातून राजा दोन्हीकडं बघतो. काळ्यानं प्यादं मारलं तर एफ ४ वर जाऊन तो पळणाऱ्याला गाठतो. न मारलं तर डी ६ वर जाऊन आपलं प्यादं पोचवतो.

"पण तो लांबून गेला!" वकील.

"कुठं लांबून? एच ८ पासून ई ५ तीन चाली. एच ५ सुद्धा तीनच. राजाला तिरकं आणि सरळ सारखंच पडतं."

वकील बराच वेळ घरं मोजत राहिले. ऑफिसच्या फुटपट्टीनं मोजलं तर तिरकं जास्त भरतं हे त्यांनी निदर्शनास आणून दिलं. मास्तर म्हणाले, बुद्धिबळाचा पट मोजायला फुटपट्टी नाही, राजा लागतो. हे वाक्य भिंतीवर लावायचा ठराव झाला नाही, पण मी इथं लिहून ठेवतो.

नवा नियम : कोड्यांच्या वेळी सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या डब्यात. पोरगा कुरकुरला.

रविवार, २३ नोव्हेंबर

आजची बैठक लक्षात राहील.

मास्तरांनी दुसरं कोडं आणलं ते पाद्रीबाबाचं. १८९५ साली ग्लासगोच्या एका साप्ताहिकात जॉर्ज बार्बिये बुद्धिबळाचं सदर लिहायचा. त्यानं एक स्थिती छापली आणि डाव बरोबरीत सुटतो म्हणून दाखवलं. तिथं राहणारा फर्नांदो साव्हेद्रा नावाचा स्पॅनिश पाद्री, खेळाडू म्हणून बेताचाच, त्यानं कळवलं की नाही, पांढरा जिंकतो. त्या एका चालीवर बाबा अजरामर.

पांढरा राजा बी ६, प्यादं सी ६. काळा राजा ए १, हत्ती डी ५. प्यादं सी ७ वर जातं, हत्ती शह देत सुटतो, राजा बी ५, बी ४, बी ३ असा पायऱ्या उतरत सी २ वर येतो. आता हत्ती डी ४ वर जाऊन सापळा लावतो. पांढऱ्यानं वजीर केला की हत्ती सी ४ वर शह, वजिरानं हत्ती मारायचा आणि काळ्या राजाला शह नाही पण हलायला घरही नाही. बरोबरी. बार्बियेचं गणित इथं संपलं. पाद्रीबाबा म्हणाला, वजीर करू नका, हत्ती करा. मग ए ८ वर मातेची धमकी बसते, काळ्याला हत्ती ए ४ वर आणावाच लागतो, पांढरा राजा बी ३ वर येतो, एकीकडं हत्तीवर हल्ला आणि दुसरीकडं सी १ वर मात. संपला डाव.

सगळे खूष. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "सी च्या घरात प्यादं गेलं ना? मग त्याचा उंट होणार. हत्ती कसा?"

शांतता.

तर मुद्दा असा. देशी बुद्धिबळात प्यादं ज्या पट्टीत शेवटाला पोचतं, त्या पट्टीचं जे सोंगटं असेल तेच होतं. कोपऱ्यात गेलं तर हत्ती, शेजारी घोडा, मग उंट. वजीर हवा असेल तर मधल्या पट्टीत पोचा. सी ही उंटाची पट्टी. उंट झाला तर पटावर उंट विरुद्ध हत्ती उरतो, आणि एवढ्या सामानावर सहसा बरोबरीच. म्हणजे काकूंच्या नियमानं बार्बिये बरोबर आणि पाद्रीबाबा चूक!

मास्तरांचा चेहरा बघायला हवा होता. "काकू, हे ग्लासगोचं कोडं आहे, तिथं तुमचे नियम नाहीत."

"मग आपल्या भिंतीवर कशाला लावता?"

वकील या वादात इतके रमले की चहा गार झाला. दोन्ही बाजूंनी त्यांनीच युक्तिवाद केला. अखेर पोरग्यानं तोडगा काढला : कोडं लावायचं, आणि खाली दुसरा प्रश्न, "हेच देशी नियमांनी खेळलं तर?" माझ्या मते अख्ख्या खोलीत यापेक्षा चांगला प्रश्न दुसरा नाही.

देशी नियमांची यादी निघाली ती अशी. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जात नाही. किल्ला बांधणं नाही. त्याऐवजी राजाला शह बसण्याआधी एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी. समोरच्याचा एकटा राजा उरला तर काही ठिकाणी बुर्ज, म्हणजे बरोबरी, सबब शेवटचं सोंगटं मारताना विचार करायचा. प्याद्यानं दिलेली मात सगळ्यांत मानाची. मीर सुलतान खान याच तालमीत वाढला, नंतर विलायती नियम शिकला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशा तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन बसला. हे ऐकल्यावर काकूंनी मास्तरांकडं नुसतं बघितलं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

विश्वचषक काल आटपला. उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव, वय १९, चीनच्या वेई यीला टायब्रेकमध्ये हरवून जिंकला. चषकाला आनंदचं नाव दिलंय. आपला अर्जुन एरिगैसी उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला होता. मास्तर आणि पोरगा मध्ये एकदा हडफड्याला जाऊन आले. मास्तरांचा अहवाल एका ओळीचा : "एवढी माणसं एका जागी आणि एकही भांडत नाही, मला करमेना."

रविवार, ७ डिसेंबर

सहल. उसगाळीमळला गेलो, सांगे तालुक्यात, कुशावतीच्या काठी. जांभ्याच्या सपाट कातळावर बैल, मोर, माणसं कोरलीत आणि ते प्रसिद्ध गोल चक्रव्यूह. गावच्या लोकांना ठाऊक होतंच, पुरातत्त्वाच्या अभ्यासकांपर्यंत १९९३ साली पोचलं. रेघांत थोडं पाणी ओतलं की आकार वर येतात.

वकिलांनी उकिडवं बसून जाहीर केलं की हा पट आहे. खेळायचा पट. मधलं घर म्हणजे घर, बाहेरून सोंगट्या आणायच्या. मला हे मान्य नाही. पटाला निवड लागते, इकडं जाऊ की तिकडं. या चक्रव्यूहात फाटाच नाही, एकच वाट वळत-वळत आत जाते, बोट ठेवलं की चुकायची सोय नाही. "मग नुसता फासा टाकून पुढं सरकायचं," वकील. सापशिडीत तरी दुसरं काय करतो आपण, हा त्यांचा प्रतिवाद मला तिथं खोडता आला नाही आणि अजून येत नाही.

सुतारमामा मात्र दुसऱ्याच गोष्टीवर खिळले. जांभा आहे, भुसभुशीत, आणि तरी रेघा एवढ्या वर्षांत टिकल्या. बोट फिरवून म्हणाले, रुंद आहेत बघ, खोल कमी. आपण बारीक रेघ मारायला गेलो म्हणून चिरा फुटला. परतीच्या वाटेवर रिवणला थांबून भाजीपाव खाल्ला. चिरा दारातून काढून पुन्हा खोलीत घ्यायचं ठरलंय.

रविवार, १४ डिसेंबर

अंगणात चुन्यानं आठ बाय आठचा पट आखला, मुलांसाठी. घोड्यानं सगळ्या ६४ घरांत एकदाच जायचं, पुन्हा त्याच घरात नाही. गेलेल्या घरात चिंचोका ठेवायचा.

मास्तरांना यावर बोलायला सांगायला लागत नाही. काश्मीरचा रुद्रट, नववं शतक. काव्यशास्त्राच्या त्याच्या ग्रंथात अर्ध्या पटावर, चार ओळी आणि आठ घरं, असा श्लोक बसवलाय की सरळ वाचा किंवा घोड्याच्या चालीनं वाचा, तोच श्लोक निघतो. युरोपात ऑयलर या गणितज्ञानं यावर लिहिलं ते १७५९ साली.

"श्लोकाचा अर्थ काय?" पोरगा.

मास्तर जरा चुळबुळले. अक्षरं बहुतेक 'ना' आणि 'ली' एवढीच.

"मग असे श्लोक मीही करतो," वकील. "ना ना ना ना. अशील फी देताना म्हणतो तोच."

मुलं तीसेक घरांपर्यंत भराभर जातात आणि मग कोपऱ्यात अडकतात. १८२३ साली वार्न्सडॉर्फनं सांगितलेली युक्ती अशी : जिथून पुढं जायला सगळ्यांत कमी वाटा उरल्यात, त्या घरात आधी जा. कोपऱ्यातल्या घराला दोनच वाटा, मधल्याला आठ. मुलांना समजेना. काकूंनी समजावलं : "पंगतीत कोपऱ्यातल्या माणसाला आधी वाढतो की नाही? नाहीतर तो राहून जातो." झालं. एका सातवीतल्या मुलीनं दुपारी सगळी घरं भरली. चिंचोके कमी पडले, शेवटच्या घरांत काजूबिया ठेवल्या आणि त्या तिनं नंतर खाल्ल्या.

सुरू केलं त्याच घराशी परत जोडणारे मार्ग किती, हे मास्तरांनी फळ्यावर लिहिलं : १३ लाख २६ हजार कोटींहून जास्त. दिशा उलटी केली तर वेगळा धरायचा नाही, हा हिशेब धरून. वकील म्हणाले, मग एक सापडला त्यात एवढं काय. मुलीनं त्यांच्या हातात चुना दिला. वकील बावन्नाव्या घरात अडकले.

शुक्रवार, १९ डिसेंबर

गोवा मुक्तिदिन, सुट्टी. झेंडावंदन करून सगळे इकडंच. दिवसाला साजेसं म्हणून मास्तरांनी दामियानो काढला. ओदेमिराचा पोर्तुगीज औषधविक्या, त्याचं बुद्धिबळाचं पुस्तक रोमला छापलं ते १५१२ साली. आल्बुकेर्कनं गोवा घेतल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

त्याच्या नावावर एक बचाव आहे. दोघांनी राजासमोरचं प्यादं दोन घरं काढलं, पांढऱ्यानं घोडा एफ ३ वर आणून ई ५ च्या प्याद्यावर रोखला, आणि काळ्यानं ते राखायला एफ ६ वर प्यादं सरकवलं. ही चाल वाईट. पांढरा घोड्यानं प्यादं खातो. काळ्यानं घोडा मारला की वजीर एच ५ वर शह देतो. जी ६ नं अडवलं तर वजीर ई ५ वर शह देऊन कोपऱ्यातला हत्ती उचलतो. राजा पुढं काढला तर आणखी हाल. आणि मजा म्हणजे दामियानोनं स्वतःच ही चाल वाईट म्हणून सांगितली होती. तरी नाव त्याचंच चिकटलं.

"बदनामीचा दावा ठोकता आला असता," वकील म्हणाले आणि लगेच त्याच बचावानं पोरग्याशी डाव मांडला. हत्ती गेला. वकील म्हणतात, अशिलाची बाजू एकदा घेतली की सोडायची नसते.

रविवार, २८ डिसेंबर

वाघ-शेळी. इथंही दोन घराणी. त्रिकोणी पटावर तीन वाघ आणि पंधरा शेळ्या, किंवा नेपाळी पद्धतीनं पाच बाय पाच रेघांवर चार वाघ आणि वीस शेळ्या. वाघ उडी मारून शेळी खातो, शेळ्यांनी वाघांना कोंडायचं. पोरग्याला नेपाळी हवा, कारण त्याचाही संगणकानं निकाल लागलाय : लिम आणि नीवर्गेल्ट या दोघांनी दाखवलं की अचूक खेळलं तर बरोबरी. मास्तर म्हणाले, हे संगणकवाले सगळ्याच खेळांत बरोबरी करत सुटलेत. दोन्ही पट ठेवतोय. शेळ्यांसाठी सुपाऱ्या, कुळागरातल्या. वाघ मामांनी शिसवाच्या तुकड्यांतून केले, पैकी एकाचा तोंडवळा वकिलांसारखा आलाय, मामा म्हणतात योगायोग.

आज खरं काम नियमांच्या कार्डांचं होतं. मास्तरांचा मसुदा : प्रत्येक खेळाचे एकच प्रमाणित नियम, क्रमांक घालून. वकिलांचा मसुदा चार पानी, व्याख्यांसकट. काकूंनी दोन्ही बाजूला सारले. त्यांचं म्हणणं, माणसं येतील ती आपापल्या आजीचे नियम घेऊन येतील, आणि तुमच्या कार्डानं आजी चूक ठरली तर ती उठून जातील.

मी काकूंच्या बाजूनं मत दिलं. बुद्धिबळाचं कोडं जगात कुठंही तेच राहतं, कारण नियम एकदाचे ठरलेत. हे पट तसे नाहीत, दर घरी थोडे हलतात आणि त्या हलण्यातच त्यांची अर्धी मजा आहे. पण मोकळं सोडलं तर खेळ सुरूच होणार नाही, हे मास्तरांचं म्हणणंही खोटं नाही. म्हणून कार्ड असं झालं : वर चार ओळींत सगळ्यांना मान्य असलेलं, आणि खाली चौकटीत, "बसण्याआधी दोघांनी ठरवा", मग प्रश्न. कोपरे जोडलेले की नाही? तिघी उरल्यावर उडी आहे की नाही? प्याद्याचं काय होतं? ज्याच्या घरी जे, त्यानं पुढं खडूनं खूण करायची.

मास्तरांनी सही केली, पण "असहमत" असं कंसात लिहून.

रविवार, ४ जानेवारी २०२६

रंगीत तालीम. सारीपाटाच्या कवड्या कमी निघाल्या, सहाच्या ऐवजी पाच. कोणी नेली ते विचारलं नाही. कोड्यांच्या पाट्या टांगल्या, पण साव्हेद्राच्या पाटीवर काळा हत्ती चुकीच्या घरात चिकटवला गेला होता; मास्तरांनी ते दारातूनच ओळखलं. चिऱ्यावर मामांनी पुन्हा नवकंकरी कोरली, या वेळी रुंद उथळ रेघा. टिकली. शहाबादी फरशी परत न्हाणीघरी जाणार नाही, तिला आता कोपरे जोडलेला पट करतोय आणि चिऱ्यावर न जोडलेला. काकू फरशीवर बसणार.

रविवार, ११ जानेवारी

गर्दी झाली. कुंड्यांपेक्षा जास्त, हे समितीनं मान्य केलंय.

रेतीच्या कोड्यासमोर दिवसभर कोणी ना कोणी एच ७ म्हणत उभं. एका बसकंडक्टरनं मात्र येऊन क्षणात तिरका राजा नेला. विचारलं, आधी पाहिलंय का? नाही म्हणाला, दोन कामं असली की मी मधून जातो. मास्तरांनी त्याला खुर्ची दिली आणि पाद्रीबाबाची पाटी समोर धरली.

कार्डांवरच्या चौकटी दुपारपर्यंत खडूनं पांढऱ्या झाल्या. नवकंकरीचे कोपरे जोडणारे आणि न जोडणारे यांच्यात भांडणं लागली, ती इतकी रंगली की खेळणारे दोघं बाजूला आणि मागं उभे असलेलेच बोलत होते. एक आजोबा म्हणाले त्यांच्याकडे आपल्या तीन जुळल्या तरी समोरच्याच्या जुळलेल्या तिघींतली उचलायची नाही. हा नियम आमच्या कार्डावर नव्हताच! वकिलांनी तिथंच तो लिहून घेतला. खळग्यांच्या पटावर मंगळूरकडून आलेल्या दोघी बहिणी बसल्या आणि चिंचोके इतक्या वेगानं पेरायला लागल्या की मुलं नुसती हात बघत राहिली. मामा मागं उभे होते, खळगे बघत. बोलले काही नाहीत, पण बिडी ओढायलाही गेले नाहीत.

काकू हरल्या नाहीत. दोन वेळा बरोबरी झाली, एकदा कंडक्टरशी.

मंगळवार, १३ जानेवारी

आवराआवर. एक वाघ हरवला, तोंडवळ्याचा. वकिलांना संशय आहे की सापडू नये अशी व्यवस्था झालीय.

समितीनं पट वाचनालयातच ठेवायला कपाट दिलंय, किल्ली ग्रंथपालांकडं, शनिवारी दुपारी उघडायचं. उरलेली कामं : कवड्या सावंतवाडीहून आणणे (वकील जाणार, येताना गंजिफाचा जोड आणणार आहेत, यादी पुन्हा उघडली असं ते म्हणतात, माझ्या मते नाही). फणसाच्या फळीला तेलाचा एक हात. कार्डांची दुसरी छपाई, आजोबांचा नियम घालून. मास्तरांना पुढच्या खेपेला कोड्यात प्याद्याची मात हवी आहे, देशी नियमांनी, आणि तिथं उंट होतो हे लक्षात ठेवून. काकूंनी त्यासाठी एक स्थिती खडूनं मांडून ठेवलीय, मास्तर दोन दिवस तिच्यासमोर बसलेत, फोन डब्यात.